आमची वाटचाल : घटीचा हिशेब

गलाईच्या, म्हणजे जुनं सोनं गाळून शुद्ध करण्याच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक फिरून फिरून दोनच गोष्टी विचारतं. टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता किती, आणि घट, म्हणजे गाळताना कमी झालेलं वजन किती. टंच आता मशीन सांगतं, त्यावर फारशी हुज्जत होत नाही. घट मात्र आपल्या तोंडाने सांगावी लागते, आणि ती सांगताना समोरचा आपल्याकडे निरखून बघत असतो. शंभर ग्रॅम जुना डाग, म्हणजे दागिना दिला, टंचाप्रमाणे त्यात ९१.६ ग्रॅम सोनं, मग हातात ९१.३ का? मधलं कुणाच्या घरी गेलं? सोनं दहा ग्रॅमला पाच-सहा हजार होतं तेव्हा या प्रश्नाची किंमत दीड-पावणेदोनशे रुपये होती. २०२५ मध्ये भावाने लाख ओलांडला आणि तोच प्रश्न तीन हजारांचा झाला. आमचं दुकान कसं वाढलं हे सांगायचं तर या तीन दशांश ग्रॅमचा पाठलाग कसा केला, तेच सांगावं लागेल.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, विट्यापासून जवळच. टेंभूचं पाणी यायच्या आधीचा तालुका ज्यांनी पाहिलाय त्यांना इथली माणसं घराबाहेर का पडली हे सांगायला नको. आमच्या भागातले गलाई बांधव केरळपासून काश्मीरपर्यंत सापडतील. मी १९९४ ला दहावी झालो आणि चुलत्यांबरोबर कोइमतूरला गेलो. त्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणायचो. टाउन हॉलच्या मागे, राजा स्ट्रीटला लागून असलेल्या बोळात त्यांचं दहा बाय बाराचं दुकान होतं. मुक्कामही तिथेच. तमिळ आसारी, म्हणजे सोनार, आम्हाला ‘सेठ’ म्हणून हाक मारायचे. ज्याच्या अंगावरच्या बनियनला ॲसिडची भोकं पडलीत तो कसला सेठ, पण मान होता हे खरं.

आप्पांची पद्धत परंपरेने आलेली. सोन्यात तीन वाटे चांदी घालून मूस, म्हणजे धातू वितळवायचं भांडं, भट्टीत लावायची. रस एकजीव झाला की पाण्यात ओतून त्याचे दाणे पाडायचे, दाण्यांवर नायट्रिक घालून तापवायचं. चांदी-तांबं ॲसिडमध्ये उतरतं, तळाला तपकिरी सोनं राहतं. ते धुवायचं, टाकणखार घालून वितळवायचं, लगड तयार. चांदीच्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडून चांदी परत काढायची. यात रसायनशास्त्र आहे हे आमच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हतं. मी विचारायचो, “आप्पा, तीनच वाटे का? दोन घातले तर चांदी कमी अडकून पडंल.” आप्पा म्हणायचे, “दोनानं आतलं सुटत न्हाई. करून बघ आन् मग बोल.”

केलं तेव्हा बरोबरच निघालं. पण कारण कळायला वेळ लागला. सोन्याचं प्रमाण जास्त असलं की वरवरची चांदी विरघळते आणि आत सोन्याची भिंत उभी राहते, ॲसिड पुढे सरकतच नाही. चांदी फार झाली तर उलटं होतं. सगळं सोनं भुगा होऊन धुण्याच्या पाण्याबरोबर वाहायला लागतं. एकूण मालात सोनं चौथा हिस्सा असलं तर ॲसिड गाभ्यापर्यंत पोचतं आणि दाणा सच्छिद्र होऊनही आकार धरून राहतो. म्हणजे शंभर ग्रॅम बावीस कॅरेटला २६६ ग्रॅम चांदी. आप्पा अख्खे तीनशे घालायचे, कारण डागातली मूळची भेसळ ते हिशेबात धरत नसत. चौतीस ग्रॅम चांदी प्रत्येक खेपेला उगाच फिरायची, वर तिला लागणारं ॲसिड वेगळं.

पुस्तकांकडे वळलो ते पट्ट्यांमुळे. निळ्या झालेल्या पाण्यात तांबं गळत होतं आणि त्यावर करड्या रंगाची चांदी साचत होती, आणि मला दहावीच्या विज्ञानातला लोखंडी खिळा आठवला. मोरचुदाच्या द्रावणात खिळा ठेवला की त्यावर तांबं चढतं, विस्थापन अभिक्रिया, दोन गुणांचा प्रश्न. मी तो पाठ करून गुण मिळवले होते आणि भट्टीशेजारी रोज तेच करत होतो. गावाकडून धाकट्या भावाला ते पुस्तक पाठवायला सांगितलं. पुढे बारावीचं रसायनशास्त्र घेतलं, ते इंग्रजीत, त्यामुळे शेजारी शब्दकोश. रात्री भट्टी विझल्यावर दुकानाच्या ओट्यावर बसून वाचायचो. कोळशाच्या उबेत झोप लवकर येते, हा या अभ्यासाचा मुख्य अडथळा.

अणुभाराचा तक्ता हाती लागल्यावर खरा उजेड पडला. तांब्याचा एक अणू चांदीचे दोन अणू बाहेर काढतो. तांबं ६३.५, चांदी १०८ च्या जवळपास. म्हणजे एक ग्रॅम तांब्यामागे ३.४ ग्रॅम चांदी. पट्टी आधी आणि नंतर वजन केली की चांदी किती पडली हे ती वाळवायच्या आत कळतं. कागदावर काढलेला आकडा आणि काट्यावरचा आकडा जवळ जवळ जुळला, त्या दिवशी मी आप्पांना वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती नीट पाहिली आणि म्हणाले, “मग आता पट्टी तोलून घ्यायची व्हय रोज?” घ्यायला लागले.

ॲसिडचंही तसंच. तीव्र नायट्रिक वापरलं तर चांदीच्या एका अणूमागे ॲसिडचे दोन रेणू खर्ची पडतात. पातळ केलं तर तीनाला चार. कागदावर ॲसिडची तिसऱ्या हिश्शाची बचत. प्रत्यक्षात तेवढी होत नाही, कारण दोन्ही क्रिया थोड्याथोड्या चालतात. पण निम्मं पाणी घालून मंद आचेवर काम केलं की कॅन जास्त दिवस जातो आणि तांबूस धूरही कमी निघतो. पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही, हे वेगळं सांगायची गरज नसावी; तरी सांगतो. त्या धुराबद्दल जुने लोक फार बेफिकीर होते. नायट्रोजन डायऑक्साइड छातीत गेला तर लगेच फारसं काही जाणवत नाही, माणूस जेवून झोपतो आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरायला लागतं. आमच्या पिढीत खोकणारी म्हातारी माणसं घरोघरी होती, त्याला सगळे कोळशाची धूळ कारण सांगायचे. आता आमच्याकडे हूड आहे, पंखा आहे आणि धूर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून धुऊन बाहेर जातो. दुकान मोठं करण्याआधी मी हा खर्च केला, आणि त्यावरून घरात दोन महिने अबोला होता.

पाण्याचा किस्सा कोइमतूरचाच. शहरात सिरुवाणीचं पाणी येतं, गोड म्हणून नावाजलेलं. ते नसलं की बोअरचं. बोअरच्या पाण्याने धुणं केलं की चांदीच्या द्रावणात पांढरा गढूळपणा यायचा. आप्पा म्हणायचे पाणी लागलं. लागायचं ते पाण्यातलं क्लोराइड. चांदीला क्लोराइड भेटलं की सिल्व्हर क्लोराइड होऊन खाली बसतं, आणि तो पांढरा गाळ आमच्याकडे सरळ मोरीत जात होता! नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनमुळेही थोडं होतंच. तेव्हापासून धुण्याला डिस्टिल्ड पाणी. उलट पट्ट्यांचं काम झालं की शेवटी त्या पाण्यात मिठाच्या पाण्याचे दोन थेंब टाकून बघायचं. पांढरं आलं तर चांदी अजून आहे, स्वच्छ राहिलं तर संपली. जी गोष्ट आधी खोड काढत होती तीच आता परीक्षेला बसवली.

सगळ्यात जास्त त्रास दिला तो कथलाने. दुरुस्तीचा माल येतो त्यात टिनची झाळण असते, ती वरून दिसत नाही. नायट्रिकमध्ये चांदी विरघळते, तांबं विरघळतं, कथील मात्र विरघळत नाही. त्याचा पांढरट चिकट गोळा होतो, भाताच्या पेजेसारखा. तो गाळण कागदाची भोकं बुजवतो आणि बारीक सोनं पोटात धरून ठेवतो. रात्रभर ठेवा, थेंब उतरत नाही. वर काढून वितळवला तर मुशीत खंगर, म्हणजे काचेसारखा मळ, तयार होतो आणि त्यात सोन्याचे मणी अडकतात. गिऱ्हाइकाला आपण घट सांगतो आणि सोनं आपल्याच केरात असतं. यावर उपाय असा की असा माल आधी हायड्रोक्लोरिकमध्ये उकळून कथील काढून घ्यायचं, मग भरपूर धुवायचं, कोरडा करून भाजायचा आणि त्यानंतर नायट्रिक. धुण्यात आळस केला तर उरलेलं हायड्रोक्लोरिक नायट्रिकला भेटतं, त्याचं आम्लराज होतं आणि सोनंच पाण्यात उतरतं. सोनं हरवण्याची याहून सभ्य रीत मला माहीत नाही.

आम्लराज मुद्दाम वापरायला शिकलो २००८ च्या आसपास, स्वतःचं दुकान झाल्यावर. नायट्रिकच्या कामात ९९५ पर्यंत, म्हणजे हजारात ९९५ भाग सोनं इतक्या टंचापर्यंत सहज जाता येतं, त्यापुढचं ९९९ मागणारे आले तेव्हा. एक वाटा नायट्रिक, तीन वाटे हायड्रोक्लोरिक. इथे चांदी आड येते. मालात ती आठ-दहा टक्क्यांवर असली तर तिच्या क्लोराइडचा थर सोन्यावर बसून काम थांबतं, म्हणून आधी नायट्रिकने चांदी काढून मगच आम्लराज. सोनं पिवळ्या-केशरी पाण्यात गेलं की जीव खालीवर होतो. दोन-चार लाखांचा माल बीकरमध्ये आणि डोळ्यांना सोनं म्हणून काहीच दिसत नाही. उरलेलं नायट्रिक सल्फॅमिक ॲसिडने मारायचं, नाहीतर खाली पाडलेलं सोनं पुन्हा वर चढतं. मग सोडियम मेटाबायसल्फाइट. नाक झोंबतं आणि पाणी गढूळ होत होत तपकिरी सोनं बसायला लागतं.

सगळं बसलं का, हे डोळ्याने सांगणारा अजून मला भेटलेला नाही. त्यासाठी स्टॅनस क्लोराइड. गाळण कागदावर त्या पाण्याचा एक थेंब, त्यावर याचा एक थेंब. जांभळा-काळा डाग आला तर सोनं अजून पाण्यात आहे. ही बाटली हवेने खराब होते आणि खराब झाली की सोनं असूनही डाग येत नाही, म्हणून तिच्यात कथलाचा तुकडा टाकून ठेवायचा आणि आधी ओळखीच्या सोन्याच्या पाण्यावर तपासून घ्यायची. डाग येत नाही तोवर आमच्याकडे एक थेंबही फेकला जात नाही. आणि हो, या कामात अमोनियाची बाटली जवळपास ठेवू नका. चांदीच्या किंवा सोन्याच्या द्रावणात तो पडून वाळला तर त्याचा स्फोटक होतो, हाताच्या धक्क्याने उडणारा.

मशीनबद्दलही बोललं पाहिजे, कारण लोकांना वाटतं एक्स-रे मशीन आलं आणि गलाईवाल्याचं डोकं सुट्टीवर गेलं. ते मशीन पृष्ठभागाचे काही मायक्रॉनच वाचतं. मुलामा जाड असला की तेही फसतं. इरिडियम-रुथेनियमच्या पुडीची भेसळ असली तर आणखी पंचाईत. हे धातू सोन्यात नीट मिसळत नाहीत, रसात बारीक कण म्हणून पडून राहतात, नायट्रिक त्यांना शिवत नाही. नुसत्या नायट्रिकच्या कामात ते सोन्याबरोबर लगडीत जातात आणि सोन्याच्या भावाने विकले जातात. आम्लराजात सोनं उतरतं आणि तळाला काळी पूड राहते, तेव्हा बिंग फुटतं. वादाचा माल असला की आम्ही अग्निपरीक्षेला पाठवतो, म्हणजे क्यूपेलेशनला (शिशाबरोबर तापवून भेसळ वेगळी काढायची चाचणी), त्याची भारतीय मानकाची पद्धत आयएस १४१८ ठरलेली आहे. आम्ही स्वतः दाखला देत नाही. जो गाळतो त्यानेच टंचाचं प्रमाणपत्र द्यावं हे मला बरोबर वाटत नाही.

धंद्याला कलाटणी दिली हॉलमार्कने. १६ जून २०२१ पासून सक्ती टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि आसाऱ्याला ९१६ म्हणजे ९१६ च बनवणं भाग पडलं. त्यासाठी हातात येणारं सोनं ९९५ आहे की ९९० हे नक्की माहीत पाहिजे. अंदाजावर गाळणाऱ्यांची गिऱ्हाइकं त्या काळात आमच्याकडे आली. नोटाबंदी आणि जीएसटीने आमच्यासारख्यांची कंबर मोडली होती, ती इथे सावरली. एक दुखणं मात्र तसंच आहे. कुठे चोरी झाली की पोलीस आधी गलाईवाल्याच्या दारात. चोरीचा माल घेतल्याच्या कलम ४११ ची धास्ती आमच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या घेतली, आता कलमाचा आकडा बदलला एवढंच. ओळखपत्र, फोटो आणि पावती असल्याशिवाय मूस तापत नाही, ओळखीचा असला तरी. यावरून जुनी गिऱ्हाइकं तुटली, तुटू दे.

घटीची वही आता मुलगी बघते. ती बीएस्सी केमिस्ट्री झाली आणि माझी अर्धी समीकरणं तिने दुरुस्त केली. प्रत्येक कामाचं येणारं सोनं, जाणारं सोनं आणि मधला फरक. फुटलेल्या मुशी, टाकणखाराचा खंगर, गाळण कागदांची राख, पायपुसणी, झाडलोट, सगळं पिंपात साठतं आणि वर्षातून एकदा झारेकऱ्यांच्या, म्हणजे सोनारांच्या केरातून सोनं काढणाऱ्यांच्या पद्धतीने कुटून, धुऊन, गाळून काढतो. वहीतली वर्षाची घट आणि पिंपातून निघालेलं सोनं यांची तुलना ती करते. जेवढा फरक उरतो तेवढीच खरी घट, आणि ती गुंजांत मोजण्याइतकी खाली आली आहे. त्या हिशेबावर आम्ही घटीचा एक आकडा ठरवून दुकानात पाटीवर लिहिला. त्यापेक्षा जास्त घट आली तर ती दुकानाची, गिऱ्हाइकाची नाही.

पाटीखाली बारीक अक्षरात एक ओळ आहे, ती सगळे वाचत नाहीत म्हणून इथेही लिहितो. दुरुस्तीचा, टिनच्या झाळणीचा माल असेल तर देतानाच सांगा. तो वेगळा गाळावा लागतो, एक दिवस जास्त लागतो, मजुरी तीच. प्लॅटिनमचं काम आम्ही घेत नाही.