तुम्ही विचारलंत म्हणून: अठ्ठावन्ननंतर परदेशात इंग्रजी शिकवायला कोण घेतं?

"म्याडम, तुमाले या वयात बाहेरदेशात कोनं घेतलं?"

पांढरकवड्याच्या बसस्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर तेरवीच्या जेवणातही मला हे विचारलं गेलं. विचारणारे बहुतेक शिक्षकच असतात, पन्नाशी ओलांडलेले. कोणाच्या डोक्यावर मुलीच्या शिक्षणाचं कर्ज आहे. कोणी 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागले, म्हणून जुनी पेन्शन नाही. कोणाला फक्त अजून शिकवायचं असतं, आणि हे सांगताना ते थोडे संकोचतात. मीही त्यातलीच होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं काढली, 2021 मध्ये निवृत्त झाले आणि पुढच्या वर्षी मालदीवच्या एका लहानशा बेटावर इंग्रजी शिकवायला गेले. दोन वर्षं राहिले.

तर उत्तर असं: घेतात. पण सगळे देश घेत नाहीत, आणि कोणते घेत नाहीत हे आधी कळलं तर मन आणि पैसा दोन्ही वाचतात. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याच्या व्हिसासाठी अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका या सात देशांपैकी एकाचा पासपोर्ट लागतो. भारताशी 2010 पासून लागू झालेल्या करारात सहायक शिक्षकांपुरती वाट ठेवली आहे, पण आपल्या वयाच्या कोणी तिच्यावर विसंबू नये. चीनमध्येही इंग्रजीसाठी साधारण याच देशांचे लोक घेतात, आणि साठीच्या आसपास परवाना मिळणं बंद होतं. तिथे नकार आला तर तो तुमच्या इंग्रजीला आलेला नसतो. हे मी मुद्दाम सांगते, कारण पहिल्या दोन नकारांनंतर मी आठवडाभर कोणाशी बोलले नव्हते.

आपल्याला जागा आहे ती दुसरीकडे. आखाती देशांत भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत. तिथे बी.एड. लागतं, आणि पदवी नियमित शिकून घेतली की बाहेरून, हे अनेक ठिकाणी बारकाईनं विचारतात. माझी बी.एड. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची, त्यामुळे एक शाळा हातची गेली. भूतानमध्ये शिक्षणाचं माध्यमच इंग्रजी आहे आणि भारतीय शिक्षकांनी तिथे पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं आहे. आपल्याला तिथे शिरायला मतदार ओळखपत्रही चालतं, कामाचा परवाना मात्र वेगळा लागतो. थायलंड, व्हिएतनाममध्ये पदवीसोबत इंग्रजी अध्यापनाचं 120 तासांचं प्रमाणपत्र मागतात. ते मी सत्तावन्नाव्या वर्षी ऑनलाइन केलं. त्यात बरंचसं असं होतं जे मी वर्गात वर्षानुवर्षं करत होते. नावं नवी कळली एवढंच. पण नावं कळणं गरजेचं होतं, कारण मुलाखत घेणारे त्याच नावांनी प्रश्न विचारतात.

आता मुलाखतीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण नोकरी तिथेच मिळाली.

माझी नऊ वर्षं एका कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर गेली. मुलं घरी कोलामी बोलायची. मला कोलामी येत नव्हती, त्यांना मराठी जेमतेम. म्हणजे मराठी हीच त्यांची दुसरी भाषा, आणि 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा ती तिसरी झाली. समजावून सांगायला कुठलीच भाषा हाताशी नव्हती. मग मी वस्तू आणायला लागले. टोपलं, मोहाची फुलं, विळा, ओली माती, कोरडी माती. शब्द बोलायचा, वस्तू हातात द्यायची, कृती करायची, करवून घ्यायची. भाषांतर करायचं नाही, कारण करताच येत नव्हतं. तेव्हा ही मला माझी उणीव वाटायची.

मालदीवच्या शाळेनं व्हिडिओवर नमुना पाठ मागितला. आमच्या गावात नेटवर्क भरवशाचं नाही म्हणून मी यवतमाळला भाच्याकडे गेले. पलीकडे तिसरीची सहा मुलं आणि दोन शिक्षक. मी पिशवीतून कापसाचं फुटलेलं बोंड काढून कॅमेऱ्यासमोर धरलं. त्या मुलांनी कापूस झाडावर कधी पाहिलेलाच नव्हता. एक म्हणाला एग, एक म्हणाली क्लाउड. मी बोंड गालाला लावलं, सॉफ्ट म्हटलं. सरकी ओढून काढली, पुल म्हटलं, आणि सरकी दातांखाली धरून हार्ड म्हटलं. एका मुलीनं तिच्या भाषेत काहीतरी विचारलं, तिथल्या बाई भाषांतर करायला लागल्या, तर मी हात वर करून त्यांना थांबवलं आणि मुलीला खुणेनं म्हटलं, दाखव. तिनं स्वतःचे केस ओढून दाखवले. पुल! ती बरोबर होती.

नंतर मुख्याध्यापकांनी विचारलं, मुलं घरी इंग्रजी अजिबात बोलत नाहीत, चालेल का? मी म्हटलं, पस्तीस वर्षं माझ्यासमोर दुसरी मुलं बसलीच नाहीत.

म्हणून अर्ज लिहिताना खेड्यातली शाळा लपवू नका. कितीतरी सर आणि म्याडम "ग्रामीण" हा शब्द गाळून टाकतात. जिथे इंग्रजी कानावर पडत नाही तिथे ती शिकवणं, हेच तर त्या देशांना हवं असतं. तुमच्या वर्गात कोणत्या भाषांची मुलं होती, किती होती, वर्षाअखेर त्यांना काय येत होतं, हे लिहा.

कागदपत्रांनी मात्र माझे आठ महिने खाल्ले. दहावीची सनद आणि बी.ए.ची पदवी माहेरच्या नावाची, सेवापुस्तक सासरच्या नावाचं, आणि लग्नाची नोंदणी नव्हतीच. 1985 च्या लग्नाचा दाखला मिळवायला पत्रिका शोधली, साक्षीदार शोधले. त्यातले एक मामा तोवर वारले होते. शेवटी ग्रामसेवकाकडून नोंदणी झाली, मग राजपत्रात नावबदल, मग नागपूरहून पासपोर्ट. त्यानंतर पदवी विद्यापीठाकडून पडताळून घेणं, मंत्रालयाचा शिक्का, परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. भारत 2005 पासून अपोस्टिल करारात, म्हणजे एकमेकांच्या कागदांवरचा शिक्का मानण्याच्या करारात आहे, त्यामुळे काही देशांना तो एकच शिक्का पुरतो. बाकीच्यांना वर त्यांच्या दूतावासाचाही लागतो. पोलिसांचा चारित्र्य दाखला पासपोर्ट कार्यालयाकडूनच मिळतो, पण तो शेवटी काढा, जुना झालेला चालत नाही. बायांनो, निदान तुम्ही तरी लग्नाची नोंदणी आजच करून घ्या, परदेशात जायचं असो वा नसो.

आणि एजंट. एका मोठ्या शहरातल्या माणसानं मला दीड लाख मागितले होते, "वय जास्त आहे म्हणून वरचा खर्च" असं म्हणाला. मी पाटल्या मोडायला निघाले होते. आमचे हे म्हणाले, आधी त्याचा परवाना पाहा. परवाना नव्हता. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते, ती ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते, आणि सेवाशुल्क 30,000 रुपये व त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. आपल्या वयाची भीती घालून पैसे काढणाऱ्या माणसाचा मला आजही राग येतो, कारण आपण आयुष्यभर पोरांना फसू नका म्हणून शिकवलेलं असतं आणि तिथेच तो आपल्याला गाठतो. पर्यटक व्हिसावर या, कामाचं तिथे बघू, असं कोणी म्हणालं तर फोन ठेवून द्या.

करारात पगार कोणत्या चलनात ते वाचा. मला रुफिया मिळायचे. ते डॉलरमध्ये बदलून घरी पाठवायला मर्यादा होत्या, हे मला गेल्यावर कळलं. घर शाळा देणार की नाही, आजारपणात कोण बघणार, परतीचं तिकीट कोणाचं, तेही लिहून घ्या. आणि नोव्हेंबरातला हयातीचा दाखला बाहेरून कसा द्यायचा, हे निघण्याआधी बँकेत आणि कोषागारात विचारून ठेवा.

तिथलं जगणं? गुडघे दुखले. ज्वारीचं पीठ दोन महिन्यांत संपलं. तिथे रोशी नावाची पोळी असते, सकाळी खोबरं-कांदा घातलेल्या माशाबरोबर खातात. मी नुसती खोबऱ्याशी खायची. कापूस वेचणीच्या दिवसांत हे शेतातून फोन करायचे, मागे बायांचा आवाज यायचा, तेव्हा परत यावंसं वाटे. पण तिसऱ्या की चौथ्या दिवशी मुलं अंगणात काहीतरी मोजत होती. एकेह, देय, तिनेह, हतरेह. मी थबकले. एक, दोन, तीन, चार! दिवेही ही तिथली भाषा आपल्याच कुळातली, लिहितात उजवीकडून डावीकडे, पण आकडे ऐकले की ओळख पटते. मी फळ्यावर मराठी आकडे लिहिले, त्यांनी त्यांचे सांगितले, आणि दोन्हीकडे इतकं साम्य निघालं की मुलं बाकावर उभी राहिली. त्या दिवसानंतर मी त्यांना परकी राहिले नाही.

परवा मारेगावहून एका सरांचा फोन आला. वय छपन्न. म्हणाले, "म्याडम, सुरुवात कशापासून करू? तो 120 तासांचा कोर्स लावू का?" मी म्हटलं, सर, आधी दहावीची सनद, पदवी आणि आधार कार्ड शेजारीशेजारी ठेवा आणि तिन्हींवरचं इंग्रजीतलं नाव मला अक्षर-अक्षर वाचून दाखवा. त्यांनी वाचलं. वडिलांच्या नावातला 'देव' सनदेवर ओ अक्षरानं संपत होता, आधारवर व्ही अक्षरानं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे तर मी आजवर पाहिलंच नाही." मी म्हटलं, शनिवारी या, मूळ कागद घेऊन या, दुरुस्तीचा अर्ज बसून लिहू.