दुपारी बिघडणारं कार्ड

भोसरीच्या एका वर्कशॉपमधलं जुनं कॉइल वाइंडिंग मशीन. नवीन बॉबिन लावून स्टार्ट दाबलं की कंट्रोल कार्डावरचे चारही फ्लिपफ्लॉप (एकेक बिट लक्षात ठेवणारी सर्किटं) क्लिअर, म्हणजे शून्यावर, व्हायला हवेत, तरच काम पहिल्या पायरीपासून सुरू होतं. पण अधूनमधून एखादा फ्लिपफ्लॉप तसाच राही आणि मशीन दोन वेढे घालायच्या आत वायर कापून मोकळं. "साहेब, सकाळी शहाण्यासारखं चालतं, दुपारी डोकं फिरतं त्याचं," सुपरवायझर म्हणाले.

फ्लिपफ्लॉपच्या दोन्ही 7474 आयसी (एकीत दोन फ्लिपफ्लॉप) आधीच कुणीतरी बदलून झाल्या होत्या. सप्लाय चोख 5 व्होल्ट. दुपार होऊ दिली आणि स्कोपचा (व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राचा) प्रोब चारही फ्लिपफ्लॉपच्या क्लिअर लाइनवर धरून स्टार्ट दाबायला सांगितलं. लाइन खाली आली, पण 1.1 व्होल्टवरच अडकली. ही लाइन 'लो' झाली तरच फ्लिपफ्लॉप क्लिअर होतात, आणि टीटीएलमध्ये (5 व्होल्टवर चालणाऱ्या या 74 आयसींच्या जातीत) 0.8 च्या वर गेलं की 'लो'ची खात्री संपली. त्यात आयसी तापली की इनपुटचा थ्रेशोल्ड, म्हणजे लो आणि हायमधली सीमा, खाली सरकतो. दुपारचं कोडं तिथेच सुटलं.

ती लाइन चालवत होती 74एलएस04, सहा इन्व्हर्टर गेटांची आयसी (एलएस ही कमी पॉवरची मालिका). आजूबाजूच्या सगळ्या आयसी साध्या 74 मालिकेतल्या, आणि हिचंच सोल्डर चकचकीत, म्हणजे मागाहून बसवलेली.

टीटीएलचं आउटपुट लो असताना जोडलेल्या प्रत्येक इनपुटमधून करंट बाहेर येतो, आणि तो सगळा त्या एका आउटपुटला रिचवावा लागतो. साध्या 74 च्या एका इनपुटचे 1.6 मिलिअँपिअर धरायचे. साधी 7404 रिचवते 16, म्हणून फॅन-आउट (एक आउटपुट किती इनपुटं चालवू शकतं तो आकडा) 10. इथे पिना मोजल्या तर चारच. पण 7474 ची क्लिअर पिन दोन इनपुटांच्या बरोबरीची, 3.2 मिलिअँपिअरची. चारांचे झाले 12.8. मूळ डिझाइन करणाऱ्याने हिशेब नीट केला होता. एलएस04 ची हमी मात्र 8 पर्यंतच. तिचा फॅन-आउट 20 छापलेला असतो, म्हणून ती जास्त दमदार वाटते. पण ते 20 तिच्याच मालिकेतल्या, 0.4 मिलिअँपिअरच्या इनपुटांचे. साध्या 74 ची पाचच इनपुटं तिला झेपतात.

रिपेअरिंगमध्ये "नंबर तोच आहे ना, मग बसवा" हे वाक्य ऐकलं की मला खरोखर चीड येते. मधली दोन अक्षरं कुणी वाचतच नाही.

तापकीर गल्लीत साधी 7404 मिळाली नाही, 7406 मिळाली. पिना त्याच, ओपन कलेक्टर (आउटपुट फक्त खाली ओढतं, वर नाही), 40 मिलिअँपिअर रिचवणारी. त्या आयसीतले तीनच गेट वापरात होते. तिन्ही आउटपुटना 1 किलोओमचा पुल-अप, म्हणजे लाइन वर ओढणारा रेझिस्टर, लावला. लो आता 0.2 व्होल्ट.

शेजारच्या मशीनचंही कार्ड उघडायला लावलं. तक्रार काहीच नव्हती, पण आत तीच 74एलएस04, आणि लो 0.9. तीही त्याच संध्याकाळी बदलली.