तुम्ही विचारलंत म्हणून : खालचा एक माणूस बदलून काय होतं?

"जावईबापू, मुख्य कोच तोच, मुलं तीच, कॉलेज तेच. मग खालचा एक माणूस बदलला, त्याचं एवढं काय घेऊन बसलात?"

2021 च्या जानेवारीत सासऱ्यांनी साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर हे विचारलं. त्यानंतर पुण्याच्या ऑफिसातल्या पोरांनी विचारलं, मंडळातल्या लोकांनी विचारलं, बायको तर अधूनमधून विचारतेच. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

माणसाचं नाव माइक मॅकडॉनल्ड. वय तेव्हा 33. मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा नवा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. हा फुटबॉल म्हणजे अमेरिकन, लांबट चेंडूचा, हेल्मेटवाला. यात चढाई करणारी अकरा पोरं वेगळी आणि बचावाची अकरा वेगळी, आणि बचावाचा सगळा कारभार या एका माणसाकडे. प्रत्येक डावाआधी कोण कुठे उभा राहणार, कोण पुढे घुसणार, कोण मागे थांबणार हे तो ठरवतो आणि मैदानाबाहेरून खुणांनी कळवतो. सामना हरला की टीव्हीवर मुख्य कोचचा चेहरा दिसतो, पण लोक शिव्या याला घालतात.

मी त्या विद्यापीठात शिकलेलो नाही. डेट्रॉइटच्या आसपास आम्ही बरीच मंडळी आहोत ती गाड्यांच्या पोटावर जगणारी. मी ब्रेकच्या पार्टांच्या क्वालिटीत आहे. पण ॲन आर्बर, म्हणजे विद्यापीठाचं गाव, घरापासून अर्ध्या तासावर. तिथलं स्टेडियम 1,07,601 माणसांचं, आणि सामन्याच्या शनिवारी आमच्या गल्लीत चिटपाखरू दिसत नाही. नवीन आलो तेव्हा शेजारच्या आजोबांनी (आयुष्य एका कारखान्याच्या असेंब्ली लाइनवर गेलेलं) तळघरात सामना बघायला बोलावलं. मी निघताना चकलीचा डबा घेतला. तेव्हापासूनचं हे.

आता दुखणं सांगतो, नाहीतर आशा कशाची होती ते कळणार नाही. मिशिगनचं खरं वैर शेजारच्या राज्यातल्या ओहायो स्टेट विद्यापीठाशी. साधारण नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी सामना. 2011 मध्ये जिंकलो होतो, त्यानंतर सलग आठ वेळा हरलो. 2018 चा सामना जास्त लागला. आम्ही देशात चौथे, दहा सामने ओळीने जिंकलेले, बचाव देशात पहिल्या नंबरचा. डॉन ब्राउन तेव्हा कोऑर्डिनेटर. आक्रमक माणूस, सगळे त्याला 'डॉक्टर ब्लिट्झ' म्हणायचे (ब्लिट्झ म्हणजे नेहमीपेक्षा जास्त माणसं एकदम पुढे घुसवणं), आणि पहिली दोन-तीन वर्षं त्याने खरंच सुंदर बचाव उभा केला होता. त्या पहिल्या नंबरच्या बचावाने 62 गुण दिले. 62-39. पुढच्या वर्षी घरच्या मैदानात 56-27.

कसे दिले, ते आजोबांनी मला त्या 2019 च्या शनिवारी टीपॉयवर दाखवलं. दोन चकल्या समोरासमोर ठेवल्या, हे आपले बचावपटू. दोन शेंगदाणे घेतले, हे त्यांचे रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारे. ब्राउनच्या पद्धतीत प्रत्येकाने आपला माणूस धरायचा आणि तो जाईल तिकडे मागे पळायचं. आजोबांनी दोन्ही शेंगदाणे एकमेकांच्या दिशेने आडवे सरकवले, अगदी घासून. मागून चकल्या सरकवल्या. चकल्या मधोमध एकमेकींवर आदळल्या, एकीचा तुकडा पडला. शेंगदाणा टीपॉयच्या कडेपर्यंत मोकळा. "टचडाउन," ते म्हणाले, म्हणजे चेंडू पार शेवटच्या रेषेपलीकडे, आणि तुटलेला तुकडा तोंडात टाकला.

एवढंच होतं ते. दर वर्षी तेच, मधून आडवा पळणारा माणूस आणि त्याच्या दोन पावलं मागे आपला. 2020 मध्ये कोविडने मोसम अर्धा झाला, ओहायोचा सामनाच रद्द झाला, आणि आम्ही दोन जिंकून चार हरलो. डिसेंबरात ब्राउनला काढलं.

म्हणून सासऱ्यांना पहिलं उत्तर मी हे दिलं होतं की अण्णा, आम्हाला विजेतेपद नको होतं. तो आडवा पळणारा माणूस कोणीतरी अडवावा, एवढीच मागणी होती.

तुम्ही म्हणाल, मग याच पोरावर भरवसा कशाला? तो आधी कुठेच कोऑर्डिनेटर नव्हता. स्वतः कॉलेजात फुटबॉल खेळलेलासुद्धा नव्हता. बाल्टिमोर रेव्हन्स या व्यावसायिक संघात लाइनबॅकर्सना, म्हणजे बचावाच्या मधल्या फळीला, शिकवायचा, आणि त्या संघाचा मुख्य कोच होता आमच्या मुख्य कोचचा, जिम हार्बॉचा, सख्खा थोरला भाऊ. वशिल्याचा माल, असं बरेच जण म्हणाले. मीही मनात म्हणालो. पण त्याची पद्धत वाचायला लागलो आणि एकदम शाळेचं मैदान आठवलं.

मी कबड्डीत उजवा कोपरा खेळायचो. चांगल्या संघाची साखळी कशी असते, तर चढाईवाल्याला सातही जण अंगावर येतील असं वाटत राहतं. पट काढायला एकच जातो, पण कोण जाणार ते त्याला शेवटपर्यंत कळत नाही. मॅकडॉनल्डचं बाल्टिमोरचं शिक्षण हेच. सहा जण रेषेवर येऊन उभे राहतात, जणू सगळे घुसणार. चेंडू हलला की घुसतात चार, आणि त्यातला एखादा भलत्याच जागेवरून. बाकीचे मागे सरकून आपापली जागा राखतात. माणसामागे पळायचं नाही, जागा राखायची. मग आडवे शेंगदाणे कितीही घासून जावोत, चकल्या एकमेकींवर आदळायचं कारणच उरत नाही. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला मात्र चेंडू हातात असेपर्यंत उमगत नाही की समोर नेमकं काय आहे.

इथे मला माझ्याच तोंडची एक गोष्ट कबूल करायची आहे. पार्ट रिजेक्ट होऊन परत आले की मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतंच, ऑपरेटरची चूक. आणि मी गेली कित्येक वर्षं एकच तुणतुणं वाजवतोय : ऑपरेटरचं नाव लिहू नका, असं का घडलं ते पाच वेळा विचारा, माणूस बदलून दोष जात नसतो. सोमवार ते शुक्रवार हा माझा धर्म. शनिवारी मात्र मला ऑपरेटर हाकलायचा असतो आणि नव्या ऑपरेटरला ओवाळायचं असतं. सासऱ्यांनी माझी ही नस बरोबर पकडली होती.

तर 2021. ऑक्टोबरअखेर सगळं छान, सातपैकी सात. मग 30 तारखेला मिशिगन स्टेटसमोर (हे याच राज्यातलं दुसरं विद्यापीठ) 30-14 अशी आघाडी घेऊन आम्ही 37-33 हरलो. केनेथ वॉकर नावाच्या एकट्या पोराने पाच टचडाउन केले. आजोबांनी टीव्ही बंद केला आणि बराच वेळ बोलले नाहीत. मीही चकलीचा डबा उचलून गुपचूप घरी आलो.

27 नोव्हेंबर. बर्फ पडत होता. ओहायोचे रिसीव्हर त्या वर्षी देशात सर्वांत भारी. आमच्याकडे एडन हचिन्सन, इथल्याच प्लिमथचा पोरगा, ज्याच्या वडिलांनीही याच संघातून खेळून नाव काढलं होतं. त्याने त्या दिवशी तीन वेळा क्वार्टरबॅकला चेंडूसकट खाली लोळवलं. 42-27. लोक मैदानात उतरले, टीव्हीवर वरून बघताना गवत दिसेना. आजोबा उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. मला त्यांनी मिठी वगैरे मारली नाही. टीपॉयकडे बोट दाखवून "चकल्या" एवढंच म्हणाले, आणि डोळे पुसले.

आता क्वालिटीवाला म्हणून हिशेब मांडतो. त्या दिवशी ओहायोच्या क्वार्टरबॅकने चेंडू फेकून संघाला जवळजवळ 400 यार्ड पुढे नेलंच. आमचा बचाव काही अभेद्य नव्हता. सामना निम्म्याहून जास्त आमच्या चढाईने जिंकला, हसन हॅस्किन्सने पाच टचडाउन केले. हचिन्सन तर ब्राउनच्या काळातही होताच, 2020 मध्ये पाय मोडून बसला होता, तो बरा होऊन परतला. म्हणजे यातलं मॅकडॉनल्डचं किती? कंपनीत असा रिपोर्ट माझ्याकडे आला असता तर मी सही केली नसती.

आणि वर्षभरात तो गेलाच. जानेवारी 2022 मध्ये बाल्टिमोरने परत बोलावलं. जागेवर आला जेसी मिंटर, तोही बाल्टिमोरमध्ये शिकलेला, पद्धत तीच. 2022 मध्ये ओहायोला त्यांच्या घरात 45-23, 2023 मध्ये 30-24. 2024 च्या 8 जानेवारीला वॉशिंग्टनला 34-13 हरवून राष्ट्रीय विजेतेपद. (त्याच मोसमात समोरच्या संघांच्या खुणा चोरल्याच्या प्रकरणात बोट आमच्याकडे दाखवलं गेलं, आणि मुख्य कोच शेवटचे तीन साखळी सामने मैदानाबाहेर बसला. ओहायोवाले हे ऐकवायचं सोडणार नाहीत. ऐकून घेतो. माझ्याकडे त्यावर उत्तर नाही.) माणूस बदलला, पद्धत राहिली आणि काम चालत राहिलं, म्हणजे माझा सोमवारचा धर्मच खरा ठरला. पण ते पटवून द्यायला मी तळघरात कधी तोंड उघडलं नाही. तिथे अजूनही "तो पोरगा आला आणि दिवस बदलले" असंच म्हणतात, आणि मीही मान डोलावतो.

2024 च्या सुरुवातीला हार्बॉ मिंटरला घेऊन लॉस एंजेलिसच्या चार्जर्स या व्यावसायिक संघाकडे गेला. पुन्हा जागा रिकामी. फेब्रुवारीत विंक मार्टिनडेल आला, पुन्हा बाल्टिमोरच्याच घरातला, पण हा साठीचा आणि ब्लिट्झचा भारी शौकीन. सासरे तेव्हा इथेच आमच्याकडे होते. मी बातमी वाचताना त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"परत खालचा माणूस?"

"हो अण्णा."

संध्याकाळी आजोबांचा फोन आला, नव्या माणसाची पद्धत टीपॉयवर मांडून बघू म्हणाले. सासऱ्यांनी कोट चढवला, मीही येतो म्हणाले. चकल्या संपल्या होत्या, त्यामुळे त्या दिवशी बचावाला शंकरपाळे उभे केले.