पियाझेत्ताची नक्कल, तिसरा आठवडा: खांदा वळला!

तपकिरी कागद बाजूला ठेवून निळा घेतला आणि अडलेलं चित्र पुढे सरकलं. व्हेनिसच्या जोव्हान्नी बात्तिस्ता पियाझेत्ता या चित्रकाराच्या ज्या बसलेल्या पुरुषाकृतीची मी नक्कल करतेय, ती फोटोत भुरकट दिसते, म्हणून मी भुरकटच कागद आणला होता. पण व्हेनिसमधले चित्रकार वापरायचे तो कागद निळ्या चिंध्यांचा. अडीचशेहून अधिक वर्षांच्या उजेडाने त्यातले कित्येक विटून करडे-पिवळट झालेत. १७५० मध्ये तिथल्या कला अकादमीचा पहिला संचालक झालेल्या या माणसाच्या डोळ्यांसमोर निळा होता, हे कळल्यावर सगळंच बदललं.

कागद हीच मधली छटा. सावलीला कोळसा, उजेडाला पांढरा खडू, आणि दोघांची गाठ कुठेही पडू द्यायची नाही; मध्ये कोऱ्या कागदाचा पट्टा राहिलाच पाहिजे. माझे आधीचे दोन प्रयत्न इथेच बिघडले. कोळसा बोटाने पसरला, वरून पांढरा ओढला, की राखेसारखा मळकट करडा तयार.

या आठवड्याचा जवळजवळ सगळा वेळ डाव्या खांद्यावर गेला. उजेड उजवीकडून, वरून येतो. सावलीतला सगळ्यात गडद पट्टा बाह्यरेषेवर नाही, तिच्यापासून बोटभर आत आहे. त्यापलीकडे कड पुन्हा फिकी होते, कारण शेजारच्या कापडावरून उजेड परत अंगावर येतो. मी सवयीने कडच काळी करत होते, त्यामुळे खांदा कापून चिकटवल्यासारखा दिसायचा. कणकेसारखा मऊ खोडरबर मळून त्याला टोक काढलं आणि कडेवर नुसतं टेकवून कोळसा उचलत गेले, घासला अजिबात नाही. रेघ पुसट झाली आणि खांदा मागे वळला. चार पावलं मागे जाऊन कितीतरी वेळ बघत उभी होते.

मांडीवर पडलेल्या हाताच्या सावलीची कड मनगटाजवळ धारदार, पुढे मऊ. ते त्यामानाने लवकर जमलं.

पांढरा खडू सगळ्यात शेवटी, आणि पूर्ण दाब फक्त खांद्याच्या माथ्यावर. गुडघ्यावर त्याहून हलका.

पोटाच्या घड्या अजून सुटलेल्या नाहीत. तीन छोट्या सावल्या वेगवेगळ्या काढल्या की पोट तुकड्यातुकड्यांचं दिसतं. आता डोळे किलकिले करून तिन्ही एकाच सावलीत बांधून बघणार आहे. तोवर फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा-खडू कागदावर पक्का बसवणारा फवारा, मारत नाही, त्याने पांढरा दबतो.