बार्ड आणि चौथं गाणं : माझा अनुभव

एव्हरक्वेस्ट या ऑनलाइन खेळात बार्ड, म्हणजे गाण्यांनी साथीदारांना मदत करणारं पात्र, 20व्या लेव्हलपर्यंत नेताना मला काहीच अडलं नाही. 5व्या लेव्हलला सेलोचं (सेलोज अ‍ॅक्सेलरांडो) वेगाने धावायचं गाणं मिळतं. ते गाताना हातात ड्रम घ्या, वेग आणखी वाढतो. 20व्या लेव्हलला इतरांची माना (जादू करायला लागणारी शक्ती) भरून देणारं गाणं आलं, ग्रुपमध्ये बोलावणी येऊ लागली आणि तिथे मी दोन महिने अडकलो.

1999 साली आलेल्या या खेळात बार्ड एका वेळी एकच गाणं गातो. पण गाणं थांबवल्यावरही त्याचा परिणाम थोडा वेळ राहतो, साधारण दोन-तीन टिक. एक टिक 6 सेकंदांचा. तेवढ्यात दुसरं गाणं पूर्ण करायचं, मग तिसरं, मग परत पहिलं. याला ट्विस्टिंग म्हणतात. प्रत्येक गाण्याला 3 सेकंद लागतात, म्हणजे चार गाण्यांचे 12 सेकंद, असा माझा हिशोब. पण पुण्यातून माझा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, 280 मिलिसेकंदांच्या आसपास. प्रत्येक बदलाला थोडा उशीर, आणि चौथं संपेपर्यंत पहिल्याचा परिणाम कधी असायचा, कधी नसायचा.

तो उशीर भरून काढायला मी बटण आधी दाबू लागलो. हीच चूक. गाणं चालू असताना स्क्रीनवर भरत जाणारा बार पूर्ण होण्याआधी गाणं तोडलं तर त्याचा काहीच परिणाम होत नाही, ते 3 सेकंद फुकट. वर सूर चुकून गाणं बंद पडल्याची ती ओळ! ऐन लढाईत ती दिसली की माझं डोकं फिरायचं. क्लेरिकची (जखमा भरून काढणाऱ्याची) माना संपलेली, टँक (पुढे उभा राहून मार झेलणारा) मरायला टेकलेला आणि मी तेच बटण दाबत बसलेलो. आजही ती ओळ आठवली की राग येतो. (सूर चुकण्याचा संबंध तुमच्या गायनाच्या स्किलशी आहे. सुरक्षित जागी उभं राहून गाणं चालू ठेवा, ते आपोआप पुन्हा पुन्हा होतं आणि स्किल वाढतं. मला हे फार उशिरा कळलं.)

शेवटी चौथं गाणं सोडलं. तीनच गाणी, आणि बारकडे न बघता भजनात टाळ धरतात तसं बोटाने टेबलावर मोजायचं. आठवड्याभरात हात बसला. लढाई संपली की हल्ल्याचा वेग वाढवणारं गाणं वगळून मानाचं जास्त वेळ गायचं, हेही तेव्हाच जमलं.

मॅक्रोचं (एका बटणावर अनेक आज्ञा बसवण्याचं) राहिलंच: पहिल्या ओळीत स्टॉपसाँग, म्हणजे चालू गाणं थांबवण्याची आज्ञा, दुसऱ्या ओळीत गाणं. प्रत्येक गाण्याला वेगळं बटण.

एस्टेट ऑफ अनरेस्ट या खेळातल्या जागी एका रात्री आम्ही सलग दोन तास लढलो. निघताना क्लेरिकने लिहिलं, आज मानासाठी एकदाही थांबावं लागलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता.