ठाण्यात बसून सौदीचा कायदा कशाला?

कोर्टाच्या कँटीनमध्ये, लग्नाच्या पंगतीत, कळवा स्टेशनच्या पुलावर, कुठेही मी काय शिकते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. आपल्याकडचे कायदे संपले का, म्हणून तुम्ही सौदीचे, फिलिपिन्सचे, जर्मनीचे वाचत बसता? परवा खारीगावातल्या आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनीही विचारलं. "अगं, इथल्याच केसेस कमी आहेत का तुला?" कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, काकू उठून गेल्या आणि उत्तर अर्धवट राहिलं. तुम्हीही विचारलंत, म्हणून आज पूर्ण सांगते.

मी ठाण्याच्या कोर्टात वकिली करते आणि पीएचडीसाठी स्थलांतराच्या कायद्यांचा तौलनिक अभ्यास करते. एकच अडचण घ्यायची आणि निरनिराळ्या देशांचे कायदे तिला काय उत्तर देतात ते शेजारी शेजारी ठेवून वाचायचं, असं ते काम आहे.

मी याच्याकडे वळले ते मामामुळे. मामा सौदीत एसी मेकॅनिक होता. २००९ च्या मे महिन्यात आजी गेली. मामा तेरावं उरकल्यावर चार दिवसांनी घरी पोहोचला. तिकिटाचे पैसे होते, विमानात जागा होती. नव्हती ती कफीलची परवानगी. कफील म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा, तो मालक. तेव्हाच्या तिथल्या नियमाप्रमाणे त्याच्या संमतीशिवाय सुट्टीवर देशाबाहेर पडता येत नसे, आणि उन्हाळा म्हणजे एसीवाल्यांचा सीझन. मामाने येताना इकाम्याची, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्याची, झेरॉक्स आणली होती. घड्या पडून पडून मधोमध फाटायला आलेली. मी ती ट्यूबलाइटखाली धरून बघत होते. मामाच्या नावाबरोबर मालकाचं नाव छापलेलं. आई म्हणाली, नशीब. मला ते नशीब वाटेना. कुणीतरी टेबलाशी बसून तो नियम लिहिला होता. आणि जे लिहिलेलं असतं ते वेगळंही लिहिता येतं.

मग आपल्या बाजूला काय लिहिलंय ते शोधलं. मामा नववी नापास, म्हणून पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक, असा शेरा. आपला १९८३ चा उत्प्रवास कायदा असं सांगतो की अशा माणसाला ठरावीक देशांत कामाला जायचं असेल तर आधी सरकारची मंजुरी हवी. सध्या असे १८ देश आहेत, आखाती देश त्यातच येतात. मंजुरी देताना करार पाहिला जातो, पगार पाहिला जातो. शिवाय प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाखांचा विमा अशा कामगाराला काढावाच लागतो. दहावी पास माणसाला सहसा यातलं काही लागू नाही. तो थेट विमानात बसतो.

कॉलेजात असताना मला हे अगदी बरोबर वाटायचं. शिकलेल्याला आपलं भलंबुरं कळतं, न शिकलेल्याला सरकारने सांभाळायचं. कितीतरी वर्षं मी त्यावर पुन्हा विचारही केला नव्हता. मग फिलिपिन्सचा कायदा हातात आला.

त्या कायद्यामागे एक मृत्यू आहे. फ्लोर कॉन्टेम्प्लासियोन नावाची घरकामगार सिंगापूरमध्ये होती. दोन खुनांच्या आरोपावरून तिला १७ मार्च १९९५ रोजी फाशी झाली. ती निर्दोष आहे असं फिलिपिन्समधल्या असंख्य लोकांचं म्हणणं होतं. आपल्या सरकारने तिच्यासाठी पुरेसं काही केलं नाही, या रागाने लोक रस्त्यावर आले. त्याच वर्षी जूनमध्ये स्थलांतरित कामगारांचा कायदा, क्रमांक ८०४२, मंजूर झाला. त्यातलं एक कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पेन खाली ठेवलं होतं. परदेशातल्या मालकाने पगार बुडवला तर त्याच्याइतकाच, पै न् पैसाठी, मनिलातला भरती एजंटही जबाबदार. कामगाराने दावा मायदेशात, आपल्या भाषेत, आपल्या कामगार आयोगापुढे लावायचा. वाळवंटातल्या मालकाच्या मागे धावायची गरजच नाही.

दुसरी गोष्ट मला अजून मोठी वाटते. तिथे कामासाठी देश सोडणाऱ्याला सरकारी निर्गमन प्रमाणपत्र लागतं आणि त्यात शिक्षणाची रेषाच नाही. नर्स असो, इंजिनिअर असो की मोलकरीण, सगळे एकाच दारातून जातात. हे वाचल्यावरच मला आपली दहावीची रेषा दिसली. तोपर्यंत ती भिंतीच्या रंगासारखी होती, रोज समोर असून न दिसणारी. दुसऱ्याच्या घरी जाऊन आल्याशिवाय आपल्या घरातला रंग कळत नाही, तसंच हे. फिलिपिन्सचं सगळं चांगलं असं मी म्हणत नाही. तिथली कागदपत्रांची दगदग मोठी आहे आणि सरकारनेच माणसांच्या निर्यातीवर देश चालवला, अशी टीकाही तिथलेच लोक करतात. पण आपली रेषा कुणीतरी निवडलेली आहे, ती आकाशातून पडलेली नाही, एवढं मला त्या वाचनाने दाखवलं.

कामगार घेणाऱ्या देशांचंही असंच. एकच प्रश्न विचारून बघा, नोकरी गेली तर पुढे काय? अमेरिकेत एच-वन-बीवाल्याला, म्हणजे कुशल नोकरीच्या व्हिसावर गेलेल्याला, साधारण ६० दिवस मिळतात, हा नियम २०१७ पासूनचा. युरोपच्या ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कामगारांच्या परवान्यावर, पहिल्या दोन वर्षांत बेकारी तीन महिन्यांच्या वर गेली नाही तर केवळ त्या कारणाने कार्ड काढून घेता येत नाही, आणि दोन वर्षांनंतर हीच मुदत सहा महिने होते. सौदीत मामाच्या काळी दुसऱ्या मालकाकडे जायचं तर सहसा पहिल्याचीच संमती लागायची. तो चिडला आणि 'हुरूब' लावला, म्हणजे पळून गेल्याची तक्रार केली, की कालपर्यंतचा कामगार आज बेकायदा. माणूस तोच, हात तेच, चूक काहीच नाही.

मार्च २०२१ पासून सौदीने हे बरंच बदललं. ठरलेल्या अटी पाळून मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलता येते, देशाबाहेर जाऊन परत येता येतं. पण घरकामगार, घरचे ड्रायव्हर, माळी, मेंढपाळ यांना त्यातून वगळलं. म्हणून मी नुसता मथळा वाचून कधीच थांबत नाही. कायदा कुणाला लागू नाही, ते कलम आधी शोधते.

आणि फक्त बाहेरच्यांकडे बोट दाखवून चालत नाही. आपल्या १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यात, मी परदेशी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्या माणसावरच टाकलेली होती. २०२५ साली त्याच्या जागी नवा कायदा आला. कफालावर, म्हणजे कामगाराला कफीलशी बांधणाऱ्या या पद्धतीवर, तावातावाने बोलणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे मी ते जुनं कलम ठेवते तेव्हा वर्ग शांत होतो.

रविवारी काकूंनी मुलाला वर पाठवलं. तो बारावी पास, इलेक्ट्रिशियन, कतारला निघालाय. पासपोर्टवर ईसीआर नाही म्हणून खुशीत होता. मी त्याला सांगितलं की त्याचमुळे तुझा करार सरकारात कुणी तपासणार नाही, विम्याची सक्तीही नाही, तेव्हा हे आपणच बघायचं. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलताना मालकाचं ना हरकत पत्र लागण्याची अट काढली, ते त्याच्या वहीत लिहून दिलं. कराराची प्रत मागितली तर म्हणाला, तिथे उतरल्यावर अरबीतल्या कागदावर सही करायची आहे, एजंट म्हणतो तो सारखाच असतो.

"एजंटचा नोंदणी क्रमांक आहे का तुझ्याकडे?"

नव्हता. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी असते. आम्ही माझ्या फोनवर ती उघडली आणि एकेक नाव बघत खाली जाऊ लागलो. तेवढ्यात काकू चहा घेऊन वर आल्या आणि चष्मा लावून आमच्या शेजारी बसल्या.