गृहपाठ, टाळाटाळ आणि आबांची पाऊणकी

सोमवार, रात्री

लेकरं झोपली म्हणून आत्ता लिहायला बसले. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहूनच काढते, कारण आज माझी खात्री पटली की आमचा पोरगा आळशी नाहीये. सहावीत आहे तो. येणारा जाणारा प्रत्येकजण त्याला आळशी म्हणून जातो, आणि आमच्या लातूरात हे जरा जास्तच ऐकावं लागतं, इथं गल्लोगल्ली बाहेरगावची पोरं 'नीट' नि 'जेईई' ह्या प्रवेश परीक्षांच्या ट्यूशनसाठी खोल्या घेऊन राहतात आणि सहावीतल्या लेकरालाही लोक त्यांच्याच मापानं मोजतात.

पण आळशी लेकरू सगळ्यातच आळशी असतं ना? हा नळ आला की पाणी भरतो, दुकानातनं सामान आणतो, मराठीचा स्वाध्याय शाळेतनं आल्या आल्या करून मोकळा होतो. अडतं ते फक्त गणितापाशी. दप्तर उघडलं की गणिताची वही सगळ्यात खाली जाते. मग दूध पिऊन करतो, मग थोडं खेळून येतो, मग "जेवून करतो ना मम्मी", आणि जेवण झालं की डोळे मिटायला लागतात. संध्याकाळभर तो ना धड खेळतो ना धड अभ्यास करतो, मित्रांत असला तरी ती वही त्याच्या डोक्यात असते हे तोंडावर दिसतं. गृहपाठ राहिला ह्यापेक्षा मला ह्याचंच जास्त वाईट वाटतं, लेकराची सगळी संध्याकाळ त्या एका वहीत जाते आणि हाती काहीच लागत नाही.

मध्यंतरी मी ह्या विषयावर बरंच वाचलं. फ्युशिया सिरॉय आणि टिम पिचिल ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली मांडलंय की काम पुढं ढकलणं हा वेळ सांभाळता न येण्याचा प्रश्न कमी आणि मन सांभाळण्याचा जास्त आहे. काम समोर आलं की भीती वाटते, कंटाळा येतो, लाज वाटते, आणि ते त्या घडीला नको असतं. वही बाजूला सारली की लगेच बरं वाटतं, आणि बरं वाटलं म्हणूनच उद्या पुन्हा तेच. वाचताना माझ्या डोळ्यापुढं आमच्या पोराचं तोंड आलं बघा. भिंतीवर रंगीत टाइमटेबल चिकटवा असं सगळे सांगतात, पण 'पाच वाजता गणित' एवढं लिहिल्यानं गणिताची धास्ती कशी काय जाणार?

म्हणून आज मी त्याला म्हणलं, सोडवू नको, नुसतं बोट ठेवून दाखव कुठलं नको वाटतंय ते. थोडा वेळ गप्पच होता. मग बोट ठेवलं, तीन छेद चार अधिक एक छेद दोन. अपूर्णांकांची बेरीज, छेद वेगळे. आणि मग हळूच सांगितलं, वर्गात सगळ्यांना जमायलंय, मलाच जमत नाही, उद्या फळ्यापुढं बोलावलं तर काय करू. एवढीशी गोष्ट पोटात धरून लेकरू रोज संध्याकाळी आतल्या आत झुरत होतं.

आबा, म्हणजे माझे सासरे, बाजेवर पडून सगळं ऐकत होते. त्यांनी मार्केट यार्डात आडतीच्या दुकानात मुनीम म्हणून जन्म काढला, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीडचे जुने पाढे अजून तोंडपाठ आहेत. म्हणाले, "इकडं ये रे. पाऊण किलो शेंगदाणे घेतले अन् अर्धा किलो गूळ, पिशवीत वजन किती?"

"सव्वा किलो." एका दमात.

"मग येतंय की तुला! कोण म्हणायलंय येत नाही म्हणून?"

पोरगा वहीकडं बघतच राहिला. मग आबांनी त्याला पाव-पावात मोजायला लावलं, पाऊण म्हणजे तीन पाव, अर्धा म्हणजे दोन पाव, झाले पाच पाव, म्हणजे सव्वा. एक छेद दोनचं दोन छेद चार त्यानं स्वतःच लिहिलं, कुणी सांगितलं नाही. आता दोन छेद तीन अधिक एक छेद पाच अशी गणितंही आहेत, तिथं आबांची पाऊणकी चालत नाही, तिथं आम्ही दोघं बसलो, पंधराचा छेद करून एक सोडवलं आणि थांबलो. बाकीची उद्या.

केंद्र सरकारच्या २०२० च्या स्कूल बॅग पॉलिसीत सहावी ते आठवीला गृहपाठ दिवसाला जास्तीत जास्त एक तासाचा असावा असं आहे, आणि खरंच ह्याचा गृहपाठ तेवढाच असतो, वेळ खाते ती वहीपाशी न जाण्याची धडपड.

धाकटीचं वेगळंच आहे. ती तिसरीत, ती लगेच बसते पण पुढं सरकत नाही. पेन्सिलीला टोक काढ, एक ओळ लिही, अक्षर वाकडं आलं म्हणून खोड, पुन्हा लिही, शेवटी पान फाड. येत नाही ही भीती नाहीये तिला, चांगलं यायलाच पाहिजे ही भीती आहे. तिला मी पाटी दिलीय, आधी पाटीवर पाहिजे तसं वाकडंतिकडं लिहायचं मग वहीत, आणि खोडरबर माझ्याकडं. दोघांना एकच औषध देऊन चालत नाही.

पोराशी बोलून एक ठरवलं. पीटर गोलविट्झर म्हणून एक मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचं १९९९ चं लेखन ह्यावरच आहे, की नुसतं 'अभ्यास करीन' म्हणण्यापेक्षा 'अमुक झालं की तमुक करायचं' असं ठरवलं तर काम सुरू व्हायला सोपं जातं. पोरानं स्वतःच निवडलं, दुधाचा ग्लास मोरीत ठेवला की गणिताची वही काढायची आणि पहिलं गणित उतरवून घ्यायचं. फक्त उतरवायचं. मला वाटतं तेवढं झालं की हात आपोआप पुढं चालतो.

गणित केलं की मोबाईल देऊ असं ह्यांचं म्हणणं होतं, मी स्पष्ट नाही म्हणलं. तसं केलं की लेकराला वाटतं गणित ही भोगायची गोष्ट आणि मोबाईल हे त्याचं मोल. आणि कालचं राहिलं, परवाचं राहिलं हा पाढा रोज संध्याकाळी वाचायचा नाही हेही ह्यांना सांगितलं. पिचिल आणि त्यांच्या सोबत्यांचा २०१० चा कॉलेजच्या पोरांवरचा अभ्यास आहे, पहिल्या परीक्षेआधी टाळाटाळ केली म्हणून ज्यांनी स्वतःला माफ केलं त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी टाळाटाळ केली. हे म्हणाले, लाडावून ठेवशील. मला तसं वाटत नाही, कारण गृहपाठ मी लिहून देणार नाही, राहिला तर सरांना त्यानं स्वतः सांगायचं, मी चिठ्ठी देणार नाही. रागावणं नाही म्हणजे सूट आहे असं थोडीच आहे.

आता पुढच्या आठवड्यात १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं भाषण पाठ करायचंय, आणि त्याचं आत्तापासूनच "रविवारी बघू" चाललंय. एवढं मोठं काम एकदम समोर ठेवलं तर तो पळणारच. म्हणून आजच ठरलं, उद्या फक्त आबांना विचारायचे तीन प्रश्न लिहायचे, परवा विचारायचे. देशाला १५ ऑगस्ट १९४७ ला स्वातंत्र्य मिळालं आणि आपल्याकडं निजामाचं राज्य १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत राहिलं, मधलं वर्षभर काय चाललं होतं हे त्याला घरातच ऐकायला मिळेल, आबांचे वडील निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या त्रासापायी बायकालेकरांना घेऊन निजामाच्या हद्दीबाहेर बार्शीकडं गेले होते. झोपायच्या आधी त्यानं पहिला प्रश्न मला सांगून पण टाकला, "ते चालत गेले का बैलगाडीनं?" म्हणलं आबांनाच विचार, पण उद्या, आधी वहीत लिहून ठेव.